काढायचं कसं

आईच्या छातीवर पाच स्टिकर होते. दोन खांद्यांखाली, दोन बरगड्या संपतात तिथे आणि एक छातीच्या मधल्या हाडाला लागून. चौथ्या दिवशी सकाळी तिला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवायचं ठरलं. सिस्टर आल्या, बटनांवरून पाचही तारा टकटक सोडवल्या आणि एकेक स्टिकर काढायला लागल्या. चार निघाले. पाचवा निघताना बारीकसा आवाज झाला, ओला कागद फाटतो तसा. आई काही बोलली नाही. तिनं डोळे मिटले आणि उजव्या पायाचा अंगठा आत दुमडला. मला आधी तो अंगठाच दिसला. वर पाहिलं तेव्हा स्टिकरच्या जागी नखाएवढा लालभडक, ओलसर चट्टा होता. "अरे देवा, सॉरी हं आजी," सिस्टर म्हणाल्या, आणि खरंच कळवळून म्हणाल्या. लगेच मलम आणलं, जाळीची पट्टी लावली. पलीकडच्या खाटेवरचा मॉनिटर वाजत होता, दारात स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. त्यांना दोष द्यावा असं माझ्या मनात तेव्हाही आलं नाही, आजही येत नाही.

स्टिकर ट्रेमध्ये पडला होता, जेलची बाजू वर. त्याच्या कडेला आईची त्वचा चिकटून आली होती. अर्धपारदर्शक, एका टोकाला मुडपलेली.

दुपारी नव्या खोलीत ती जरा तरतरीत झाली. मी उशाशी बसले होते. म्हणाली, "तू हेच करतेस ना गं? चिकटवायचं आणि आतलं ऐकायचं?" मी म्हटलं, साधारण हेच. "मग काढायचं पण काहीतरी शोधा की." तक्रारीचा सूर नव्हता. सामान बांधून झाल्यावर एखादी वस्तू राहिलीय अशी आठवण करून द्यावी, तेवढ्याच सहजपणे म्हणाली आणि कूस वळून झोपली. मी मात्र ते वाक्य मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

अकरा वर्षं मी इलेक्ट्रोडवर काम करतेय. मज्जातंतूंचं बोलणं ऐकता यावं म्हणून त्यांना काय टेकवायचं, किती मऊ, किती पातळ, कशाचा लेप दिलेलं, हा माझा रोजचा विषय. लोकांना वाटतं की यातली मोठी अडचण संदेश फार क्षीण असतो ही असेल. संदेश क्षीण असतो खरा. हृदयाची लाट कातडीपर्यंत पोचते तेव्हा जेमतेम १ मिलिव्होल्ट उरते, मेंदूची त्याहूनही कितीतरी कमी. पण क्षीण आवाज मोठा करायची विद्या आता चांगली पिकलेली आहे. खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे. शरीरातली वीज आणि तारेतली वीज एक नव्हे. तारेत इलेक्ट्रॉन धावतात. शरीर म्हणजे खारं पाणी; तिथे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड अशा आयनांची ये-जा असते. मज्जातंतूतून संदेश जातो म्हणजे पेशीच्या पापुद्र्यातली इवली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आतबाहेरचा सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक क्षणात उलटा होतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा जागेवर येतो. ही उलथापालथ पुढे पुढे सरकत जाते. या सगळ्यात इलेक्ट्रॉन प्रवासाला निघालेलाच नसतो. त्यामुळे धातू आणि शरीर जिथे भेटतात तिथे, दोन वेगळ्या रुंदीचे रूळ जिथे मिळतात त्या स्टेशनासारखी गत होते: सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचा. आईच्या स्टिकरमध्ये ते स्टेशन होतं. खारट जेल, त्यामागे चांदी, चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर. क्लोराइडचा आयन येतो, चांदीला मिठी मारतो, एक इलेक्ट्रॉन मोकळा होऊन तारेत शिरतो. उलट दिशेलाही तसंच. मला हा करडा थर फार आवडतो. इतकं जुनं, इतकं साधं, आणि अजून त्याच्याइतकं भरवशाचं फार थोडं सापडलंय.

पण जेल कातडीवर टेकून राहायला हवं, म्हणून भोवती डिंक. आणि डिंक हा माझ्या विषयाचा भाग आहे असं मला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाचा आलेख घेतला तेव्हा डिंक नव्हताच. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा एक अतिसूक्ष्म धागा, भोवती प्रचंड विद्युतचुंबक, आणि ते सगळं धूड चालवायला पाच माणसं. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले. त्या वेळचं छायाचित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. मी ते वर्गात दाखवते तेव्हा विद्यार्थी हसतात. नीटनेटक्या कपड्यांतला माणूस बादल्यांत हातपाय घालून बसलाय, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. मीही त्यांच्याबरोबर हसत आले. आईच्या खोलीत बसल्या बसल्या मला ते चित्र आठवलं आणि पहिल्यांदाच एक साधी गोष्ट लक्षात आली. आलेख झाला की तो माणूस हात बाहेर काढायचा. टॉवेलला पुसायचा. संपलं.

त्या रात्री मला दुसरंही एक चित्र आठवलं, आणि ते आठवल्यावर झोप लागली नाही. संशोधनाला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे उंदरांच्या मेंदूत काही महिने ठेवलेल्या सिलिकॉनच्या सुया काढून तपासायचं काम होतं. सुई केसासारखी बारीक. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिच्याभोवती एक पातळ, दुधी रंगाचं आवरण दिसलं. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींनी परक्या सुईभोवती विणलेली म्यान, आणि त्या म्यानेला धरून बाहेर आलेला मेंदूचा अगदी छोटा तुकडा. छायाचित्र सुरेख आलं होतं. मी वहीत लिहिलं: "ऊतक चिकटून आले. आवरण स्पष्ट. उत्तम नमुना." त्या दिवशी मी आनंदात होते, हे मला अगदी नीट आठवतं. आमच्या गटाला हवा तोच पुरावा मिळाला होता. ट्रेमधला तो स्टिकर आणि काचपट्टीवरची ती सुई एकमेकांसारखी दिसत होती. कडा तशाच मुडपलेल्या.

उंदरांबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. जे काम केलं ते नियमांत राहून, भूल देऊन, जपून केलं. तरी जे वाटतं ते वाटतंच, आणि ते वाटू नये अशी माझी इच्छाही नाही.

सुईभोवती म्यान का होते, हे आता बऱ्यापैकी कळलंय. मेंदू फार मऊ असतो, घट्ट न झालेल्या जेलसारखा. सिलिकॉन त्याच्यापेक्षा साधारण दहा कोटी पट कडक. शिवाय मेंदू कवटीत स्वस्थ बसलेला नसतो. प्रत्येक श्वासाला, प्रत्येक ठोक्याला तो किंचित हलतो. सुई मात्र कवटीला बांधलेली, ताठ. म्हणजे दिवसभर, रात्रभर, ठोक्यागणिक ती आपल्या शेजाऱ्यांना ढोसत राहते. शेजारी करणार काय? आधी चिडतात, मग तिच्याभोवती भिंत घालतात. भिंत जाड झाली की मागचं बोलणं ऐकू येईनासं होतं. आमच्या आलेखावर ते महिन्या-महिन्याने बुजत जाताना दिसतं: सुरुवातीला टोकदार सुळके, मग बोथट, मग नुसती खसखस. पहिल्यांदा हे पाहताना मला वाटायचं, यंत्र बिघडलं. यंत्र ठणठणीत असायचं.

म्हणून सगळे मऊपणाच्या मागे लागले, त्यात मीही. आमच्या प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात गडद निळ्या द्रावणाची एक बाटली असते. फौंटन पेनच्या शाईसारखं दिसतं. त्याचं लांबलचक नाव आम्ही कुणीच घेत नाही, पीडॉट म्हणतो. वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक. प्लॅस्टिक वीज वाहू शकतं हे १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. त्या कथेच्या मुळाशी शिराकावांच्या प्रयोगशाळेत चुकून हजार पट जास्त पडलेलं उत्प्रेरक आहे, आणि ती चूक करणाऱ्याच्या छातीत त्या क्षणी काय झालं असेल याचा विचार माझ्या मनात अजूनही येतो. पीडॉटचं मोठेपण असं की त्याला दोन्ही गाड्या चालतात. आयन त्याच्या आत शिरू शकतात आणि इलेक्ट्रॉनही त्यातून धावू शकतात. धातूच्या फक्त पृष्ठभागावर जी उतरवाउतरवी होते ती इथे संपूर्ण जाडीभर होते. एकेकाळी हेच द्रव्य फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून लावत. आता त्याच्या थराला आपण मेंदूशी भेटवतो.

हा थर करायचं काम मला अजूनही स्वतः करायला आवडतं. द्रावण सिरिंजमधून गाळायचं, काचेवर मधोमध थेंब सोडायचा, भिंगरी सुरू करायची. मिनिटाला काही हजार फेऱ्या. थेंब क्षणात पसरतो, कडेने उडतो, आणि काचेवर उरतो तो फिकट निळसर झाक असलेला थर, मीटरच्या कोट्यंशांत मोजायचा. भट्टीत भाजताना किंचित आंबूस वास येतो. बाहेर काढल्यावर काच तिरकी धरून पाहिलं की पावसानंतरच्या आभाळासारखा रंग. मग तो मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि वाट पाहायची. इथे माझी बरीच वर्षं गेली. कारण हा थर पाण्यात फुगतो, आणि फुगला की धातूवरून सुटायला लागतो. आधी कोपरा उचलला जातो, मग एक सुरकुती, मग सकाळी येऊन पाहावं तर निळा पापुद्रा बशीत एकटाच तरंगतोय. किती सकाळी तो पापुद्रा पाहून मी खुर्चीत बसून राहिले असेन! तो धरून राहावा म्हणून आम्ही काय काय केलं: धातू खरखरीत केला, मध्ये जोडणारे रेणू घातले, थराला आतून गुंफणारी रसायनं मिसळली. माझ्या नावावर जे काही थोडं काम आहे ते सगळं सुटू न देण्याचं आहे. आईनं विचारलं ते बरोबर उलटं.

आमच्या क्षेत्रातल्या जुन्या गोष्टींपैकी मला सगळ्यात जवळची वाटते ती ग्रॅम क्लार्क या कानाच्या डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांना ऐकू कमी यायचं. आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्यात इलेक्ट्रोडची माळ सरकवली तर श्रवणाच्या मज्जातंतूला थेट चेतवता येईल, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण माळ त्या वळणांत जाईना. मध्येच अडायची, दुमडायची. १९७७ मध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर कुटुंबासह सुट्टीला गेले होते. वाळूत शंख सापडला. हाताशी गवत होतं. गवताची काडी ते शंखात सारून पाहू लागले. काही काड्या अडल्या. पण जी काडी बुडाशी ताठ आणि टोकाकडे लवचिक होती ती वळणावळणाने आत शिरत गेली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९७८ रोजी, मेलबर्नमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णात यंत्र बसवलं. मी ही गोष्ट नेहमी ताठरपणा हळूहळू कमी करत नेण्याचं उदाहरण म्हणून सांगते. परवा सांगताना मध्येच थांबले. वाळूत बसून शंखात काडी सारणारा माणूस डोळ्यांसमोर आला आणि वाटलं, काडी आत घालताना तो बाहेरही काढत असणार. दर वेळी. अडली की ओढायची, नवी घ्यायची. आतून काही ओरखडतंय का, हे त्याच्या बोटांना काढतानाच कळलं असेल. मला हे कुणी सांगितलेलं नाही, माझा आपला तर्क. पण मऊ गोष्ट आत जाताना आणि बाहेर येताना सारखीच वागते असं मी उगाच धरून चालले होते, एवढं मात्र खरं.

ऐकण्याचा मोह मोठा असतो, ते मान्य केलंच पाहिजे. विद्यार्थिदशेत मी पहिल्यांदा गांडुळाच्या मज्जातंतूचा आवाज ऐकला. दोन तारा, एक प्रवर्धक, एक स्पीकर. शेपटीला मऊ कुंचला लावला की स्पीकरमध्ये "टक्, टक् टक्". पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तसा. एका जिवाला काहीतरी जाणवलंय आणि ते जाणवणं आपल्याला खोलीत बसून ऐकू येतंय, या गोष्टीनं माझ्या अंगावर काटा आला होता. याच विद्येचे एक आद्य पुरुष एडगर एड्रियन यांची हकिगत आहे. टोड जातीच्या बेडकाच्या दृष्टितंतूवर त्यांनी इलेक्ट्रोड लावले होते, खोली जवळजवळ अंधारी होती, आणि स्पीकर मध्येमध्ये तडतडत होता. काय बिघडलंय ते कळेना. मग लक्षात आलं की आपण खोलीत हललो की आवाज येतो. बेडकाचा डोळा त्यांना पाहत होता, आणि ते पाहणं त्यांना ऐकू येत होतं. मी ही हकिगत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. ज्याला आपण तपासतोय तोही आपली नोंद घेतोय. आईचा दुमडलेला अंगठा, तीही नोंदच होती. ती टिपायला कुठलीही तार लागली नाही. मी फक्त त्या वेळी पायाकडे पाहत होते, इतकंच.

काढण्याचा विचार करत मी पुन्हा जुनं वाचायला घेतलं, तेव्हा सगळीकडे तोच प्रश्न उभा दिसायला लागला. १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांच्या शरीरात वीसहून अधिक पेसमेकर बसवले आणि काढले गेले, आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे सेनिंग, दोघांच्याही नंतर गेले. ही मी नेहमी आनंदाने सांगितलेली गोष्ट. यंत्राची डबी बदलता येते हे खरं. पण हृदयात गेलेल्या तारा वर्षानुवर्षं तिथे राहिल्या की शीर आणि हृदयाची भिंत त्यांना धरून बसते. मग त्या ओढून काढणं म्हणजे शीर फाटण्याचा धोका, आणि म्हणून कित्येकदा जुनी तार निरुपयोगी झाली तरी तशीच आत सोडून शेजारी नवी घालतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांपुरत्या तारा ठेवतात, त्या तर हलक्या हातानं ओढूनच काढतात. बहुतेक वेळा काहीच होत नाही. नील आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये गेले, ते अशाच तात्पुरत्या तारा काढल्यानंतर सुरू झालेल्या अंतर्गत रक्तस्रावातून. चंद्रावर जाऊन परत आलेला माणूस.

आणि डोळे. दृष्टिपटलावर बसवायचं ६० इलेक्ट्रोडचं एक यंत्र होतं. जगभरातल्या साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतलं. त्यातून प्रकाशाचे ठिपके दिसायचे, दाराची चौकट उमजायची. मग बनवणाऱ्यांनी ते बनवणं आणि सांभाळणं थांबवलं. ज्यांच्या डोळ्यांत ते होतं त्यांच्या डोळ्यांत ते राहिलं. बिघडलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही, आणि काढायचं तर पुन्हा डोळ्यावर शस्त्रक्रिया. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गच्चीवर उभी राहिले. आम्ही शोधनिबंधांत "दीर्घकाळ टिकणारा" हा शब्द किती कौतुकानं लिहितो. टिकणं कुणाच्या बाजूचं?

माझ्याआधी हा विचार कुणी केलाच नाही असं मुळीच नाही, आणि हे शोधताना मला खरा आनंद झाला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स यांच्या गटानं मेंदूसाठी इतकी पातळ जाळी केली की ती स्वतःच्या बळावर उभीच राहू शकत नव्हती. म्हणून तिला रेशमाच्या पातळ पटलावर ठेवलं. मेंदूवर टेकवून खारं पाणी सोडलं की रेशीम विरघळायचं आणि जाळी ओल्या मलमलीसारखी मेंदूच्या घड्यांवर बसायची. पुढे त्यांनी संपूर्ण यंत्रच विरघळणारं केलं. २०२१ चा त्यांचा पेसमेकर बिनतारी, बॅटरीशिवाय चालणारा, आणि काम झालं की पाच ते सात आठवड्यांत शरीरात विरून जाणारा, प्राण्यांच्या हृदयावर तपासलेला. काढायचंच नाही. तात्पुरत्या तारांच्या प्रश्नाला याहून सुंदर उत्तर मला तरी सुचत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला स्वीडनमधलं काम आहे. लिंकोपिंगच्या बर्ग्रेन यांच्या प्रयोगशाळेनं २०१५ मध्ये तोडलेल्या गुलाबाच्या दांड्यात पीडॉटच्या जातीचं द्रव्य पाण्याबरोबर चढू दिलं, आणि त्याच्या जलवाहिन्यांतच तारा तयार झाल्या. २०२३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी त्यापुढे गेले. एक जेल टोचायचं. शरीरातली साखर किंवा लॅक्टेट वापरून त्यातली विकरं काम सुरू करतात आणि जेल तिथल्या तिथे वीज वाहणारं होतं. झेब्राफिशच्या मेंदूत, हृदयाजवळ, जळूच्या मज्जातंतूंभोवती. इलेक्ट्रोड बाहेरून येतच नाही, तिथेच घडतो. ते वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं. सुई नाही, ढोसणं नाही, म्यान नाही. आता तोच निबंध पुन्हा वाचताना मला दोन्ही वाटतं. अजूनही ते मला आमच्या काळातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. आणि पेशी-पेशींच्या फटींत मुरलेलं ते जाळं, उद्या नको झालं तर बाहेर कसं यायचं? मिसळून गेलेलं काढता येत नाही. शरीराला ते आपलंसं वाटेलही. पण आपलंसं करायचं की नाही, हे ठरवायला त्या शरीराचा मालक उद्याही मोकळा असायला हवा, असं माझं मन म्हणतं. यावर माझ्या सहकाऱ्याशी माझा जोरात वाद झाला. तो म्हणाला, दाताची भरणी आपण काढतो का? मी म्हटलं, भरणी ऐकत नसते.

आईच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर मात्र डिंकातच निघालं. ओल्या ऊतकालाही क्षणात घट्ट चिकटणारा डिंक काही वर्षांपूर्वी आला. २०२० मध्ये एमआयटीतल्या झाओ यांच्या गटानं त्याच्यात एक सोडवण ठेवली: शरीराला न बोचणारं एक द्रावण, त्यात खायच्या सोड्याचा आणि ग्लुटाथायोन या शरीरातच असणाऱ्या रेणूचा अंश, ते लावलं की काही मिनिटांत पकड सुटते. गाठ मारतानाच सोडायचं टोक बाहेर ठेवावं तसं. त्याआधी टोकियोतल्या सोमेया यांच्या गटानं सोन्याची इतकी विरळ जाळी केली होती की ती कातडीवर ठेवून पाणी फवारलं की खालचे धागे विरघळतात आणि सोनं तेवढं राहतं. वीस जणांनी ती आठवडाभर वागवली, कुणाच्या कातडीला सूज आली नाही. २०१९ मध्ये शिकागोत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पातळ, बिनतारी पट्ट्या केल्या गेल्या, कारण त्या बाळांची कातडी स्टिकरबरोबर निघते. त्या पट्ट्या लावल्यावर आईला बाळ छातीशी धरता आलं, मध्ये तारा आल्या नाहीत. बाळांचा विचार झाला होता. म्हाताऱ्यांची कातडीही तशीच असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं: वरचा आणि खालचा थर एकमेकांत ज्या खाचांनी गुंतलेले असतात त्या वयाबरोबर सपाट होत जातात, म्हणून वरचा थर सहज सरकतो. ठाऊक होतं आणि मी तिच्या खाटेशेजारी उभी होते.

मी सध्या एक नवं काम सुरू केलंय. फार सांगण्यासारखं अजून काही नाही. माझाच निळा थर, ज्याला धरून ठेवायला मी अकरा वर्षं झटले, तो हवा तेव्हा, हवा तिथून, खालचं काही न ओरखडता सुटावा यासाठी काय मिसळता येईल ते पाहतेय. वहीत पहिल्या पानावर "पकड" असा रकाना असतो, त्याच्या शेजारी आता "सुटका" असा एक आखलाय. पहिल्या सहा नमुन्यांत दोन सुटलेच नाहीत आणि चार लावल्या लावल्या सुटले. विद्यार्थिनी हिरमुसली. मला का कोण जाणे, बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात आईला होल्टर लावलं होतं, चोवीस तास हृदयाचा आलेख टिपणारं यंत्र. छोटीशी डबी कमरेला, आणि पुन्हा पाच स्टिकर. डाव्या बाजूचा या वेळी जुन्या डागापासून दोन बोटं लांब लावायला मी सांगितलं. तो डाग आता गुलाबी झालाय, कडेने गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी वेळ संपली तेव्हा यंत्र परत द्यायचं होतं आणि स्टिकर घरीच काढा म्हणाले होते. मी कोमट पाणी आणि कापूस घेऊन बसले. कड भिजवायची, थांबायचं. मग एका हातानं शेजारची कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्यानं स्टिकर वर न ओढता कातडीला समांतर, मागे मागे गुंडाळत आणायचा, बोटभर सुटला की पुन्हा कापूस. पहिल्याला इतका वेळ लागला की पाणी गार झालं. आई छताकडे पाहत पडून होती. माझं लक्ष तिच्या पायाकडे होतं. अंगठा सरळ होता.

दुसरा निघाल्यावर ती म्हणाली, "झालं का गं?"

"अजून तीन."

"असू दे. पाणी बदलून आण."